काठीला बांधलेला माईक

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले होते तेव्हा मंठ्याहून अक्काचा फोन आला. पाहुणे किती, आचारी कोण, भांडी कुठून आणायची, हे सगळं तिनं एका दमात विचारलं आणि मग एकदम गप्प झाली. अक्का फोनवर गप्प झाली की मी रेंज गेली असं समजतो, कारण दुसरं कारण सहसा नसतं.

"हॅलो? अक्का?"

"हाय मी," ती म्हणाली. "एक काम कर माझं. आबाचा आवाज ऐकव मला. तोंड दिसतंय डोळ्यापुढं, हात दिसतेत, पर आवाज आठवाया गेलं की बिलकुल येऊन न्हाई राह्यला. काल दिसभर आठवून पाह्यला. न्हाईच आला."

मी म्हणालो, "शोधतो."

"शोधतो काय? साऱ्या जगाचे आवाज भरून ठेवले तू कपाटात. बापाचा नसंल का?"

नव्हता. वीस वर्षं मी डॉक्युमेंटरी करतो आहे. लोहाराचा भाता, उसाच्या फडातले कोयते, मोसंबीच्या बागेतली राखणदाराची गोफण, सगळं माझ्या कपाटात आहे. आबांचा आवाज नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि यात लाज वाटण्याजोगी गोष्ट ही, की त्यातल्या अर्ध्याअधिक आवाजांच्या वेळी माईक आबांच्याच हातात होता.

ते कसं झालं ते सांगतो.

आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आबांची अर्धी हयात रानोमाळ गेली. कुणाच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायच्या, चार दिवसांनी बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि पुढच्या गावाला लागायचं. अक्का त्याच भटकंतीत जन्मली. मी तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलो, तोवर आम्ही गावात घर बांधलं होतं. आई मी लहान असतानाच गेली. मी दहावीला होतो तेव्हा आबांनी मेंढ्या विकल्या आणि कपाशीच्या शेतीला लागले. शेती त्यांनी नीट केली, पण शेतात उभे असले तरी ते मेंढरांमागं उभे असल्यासारखेच दिसायचे. काठी समोर रोवलेली, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी, आणि एक पाय दुसऱ्या पायाला अडकवलेला. तसे ते तासन् तास उभे राहू शकत.

मी मंठ्यात एका फोटो स्टुडिओत लागलो आणि लग्नांचं शूटिंग करू लागलो. तिथून डॉक्युमेंटरीचं खूळ डोक्यात कसं शिरलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. हार घालताना नवरानवरीपेक्षा मांडवाच्या कडेला डाळ ढवळणारा माणूस मला जास्त बघावासा वाटे, एवढं खरं. स्टुडिओच्या मालकानं एकदा माझं फुटेज पाहिलं आणि म्हणाला, "लग्न कुणाचं होतं? ह्या आचाऱ्याचं?" त्या दिवशी माझं भविष्य ठरलं म्हणायला हरकत नाही.

गावात डॉक्युमेंटरी हा शब्द कुणाला सांगावा? शूटिंग म्हणजे लग्न, नाहीतर पिच्चर. मी कॅमेरा घेऊन निघालो की पारावरून हमखास प्रश्न यायचा, "हिरो कोण हाय?" मी म्हणायचो, लोकर कातणारी म्हातारी. मग सगळे हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच एखादा तोंडाला पावडर लावून माझ्या दारात उभा असायचा.

माझ्याकडे माणसं नव्हती. कॅमेरा मी धरला तर माईक कोण धरणार? जो मित्र येतो म्हणाला त्याचे हात पाच मिनिटांत थरथरायला लागायचे, आणि माईकची सावली लोकांच्या तोंडावर नाचायची. एका सकाळी मी अंगणात बसून याच गोष्टीवर चिडचिड करत होतो. समोर आबा काठीला टेकून उभे होते, मी आलो तेव्हापासून तसूभर न हललेले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी विचारलं, "काय बघून राह्यला?"

त्यांच्याच वेळूच्या काठीला सुतळीनं माईक बांधला. वाऱ्याची घरघर यायची म्हणून मी वैतागलो होतो. आबांनी घरात पडलेली जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, लोकर आणली आणि माईकभोवती मऊ गुंडाळली. "मेंढीला कुठं वारा लागतोय?" म्हणाले. पुढं पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात तशीच केसाळ टोपी काचेच्या कपाटात मांडलेली पाहिली, तेव्हा मला दुकानदाराला दोन शब्द ऐकवावेसे वाटले.

तर अशी आमची दोघांची कंपनी. मी मोटारसायकल चालवायचो, मागं आबा, आणि त्यांच्या हातात उभी धरलेली लोकरीच्या बोंडाची काठी. अंबडच्या रस्त्यावर माणसं विचारायची, "झेंडा कुठं चाललाय?" जांब समर्थाला देवळाबाहेर शूटिंग करत होतो तेव्हा तर दोन बाया आल्या, आबांच्या पाया पडल्या आणि समोर केळी ठेवून गेल्या. आबांनी माईक हलू दिला नाही. शॉट संपल्यावर केळं सोलत म्हणाले, "तुझ्या धंद्यात निदान खायला तरी मिळतंय."

टोपीवरून हेडफोन चढवला की ते वेगळेच माणूस व्हायचे. सबंध आयुष्य ज्यानं रात्रीच्या रानात लांडग्याची चाहूल घेतली त्याला माझ्या पोरखेळात काय कठीण? अंकुशनगरकडच्या उसाच्या फडात मी सगळं मांडून तयार असायचो आणि आबा डावा हात वर करून थांबवायचे. मला काहीच ऐकू यायचं नाही. मिनिटभरानं लांबून ट्रॅक्टर यायचा. तो निघून गेला की हात खाली यायचा. त्या डाव्या हातावर माझ्या निम्म्या फिल्म उभ्या आहेत. तेव्हा मात्र मला वाटायचं, पुढं चांगली माणसं, चांगली साधनं मिळतील, मग खरं काम सुरू होईल. खरं काम तेच होतं.

पण ते हातानं का थांबवायचे, तोंडानं का नाही, हेही सांगितलं पाहिजे. अगदी पहिल्या दिवशीची गोष्ट. आठवडी बाजारात एक मेंढ्यांचा व्यापारी माझ्या कॅमेऱ्यापुढं रंगात येऊन बोलत होता. मेंढी कवटाळून म्हणाला, "ही बघा, दोन दाती हाय." दोन दात म्हणजे जनावर तरणं. आबांच्यानं राहवेना. माईक धरल्या धरल्या ते म्हणाले, "चार दाती हाय ती."

व्यापाऱ्याचं तोंड उतरलं, लोक हसले, माझा शॉट गेला. आणि मी भर बाजारात बापावर ओरडलो, "आबा! तुम्ही बोलायचं नाही. फक्त माईक धरायचा!"

आबांनी मान हलवली. मेंढीचा जबडा उघडून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. चार दातीच असणार, आबा मेंढीबद्दल चुकत नसत. तो शॉट मी पुसून टाकला. त्यानंतर शॉट चालू असताना आबा कधी एक शब्द बोलले नाहीत. मी सांगितलेलं एवढ्या निष्ठेनं दुसऱ्या कुणी पाळलं नाही, आणि त्याची शिक्षा आता मला मिळत होती.

अक्काच्या फोननंतर मी कपाट उपसायला बसलो. आधी सोपं वाटलं. तिच्या लेकीच्या लग्नाचं शूटिंग मीच केलेलं. त्यात आबा आहेत. व्याह्यांचे दोन्ही हात धरून बराच वेळ काहीतरी सांगतायत. व्याही मान हलवतायत. आणि आवाज? सनई. लग्नाच्या शूटिंगमधला मूळ आवाज काढायचा आणि वर सनई नाहीतर गाणी चढवायची, हा आमच्या धंद्याचा रिवाज. मूळ कार्ड मी पुढच्या लग्नासाठी पुसलं होतं. नातीला सांभाळा असं ते म्हणत असतील. ओठांवरून ओळखायचा मी खूप प्रयत्न केला. सनई फार जोरात होती.

आबांकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे त्यातही काही नव्हतं. त्यांनी कधी आपली मुलाखत घेऊ दिली नाही असं मी लोकांना सांगतो, पण ते खोटं आहे. मी घेतलीच नाही. घरची माणसं कुठं पळून जातात?

मग मी शांततेच्या फायली काढल्या.

हे जरा समजावून सांगायला हवं. प्रत्येक जागेची आपली एक शांतता असते. माळवदाच्या घराची वेगळी, पत्र्याच्या घराची वेगळी, फडातली वेगळी. एडिटिंग करताना शॉटला शॉट जोडला की मधे आवाजाला भोक पडतं. तिथं खालून त्याच जागेची शांतता घालावी लागते, गोधडीला अस्तर घालतात तशी. म्हणून शूटिंग संपलं की सगळ्यांनी एक मिनिट गप्प राहायचं आणि ती शांतता रेकॉर्ड करायची.

पहिल्यांदा हे केलं ते त्या लोकर कातणाऱ्या म्हातारीच्या घरी. तिचं कातून झालं, बोलून झालं. मी म्हणालो, "आता सगळ्यांनी एक मिनिट शांत राहा. अजिबात बोलू नका, हलू नका."

सगळे उठून उभे राहिले. मुलानं डोक्यावरची टोपी काढली. सून, नातवंडं, सगळ्यांनी हात जोडून माना खाली घातल्या. म्हातारीचा नवरा आजारी होता, बाजेवर पडलेला. तोही उठून बसला आणि त्यानंही हात जोडले. शाळेत, ग्रामसभेत पाळतात ती एक मिनिट शांतता म्हणजे काय ते आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. कुणीतरी गेल्याशिवाय आपण मिनिटभर गप्प बसत नाही.

नेमकी त्याच वेळी शेजारीण ताक मागायला वाटी घेऊन दारात आली. तिनं उभी असलेली माणसं पाहिली, खाली घातलेल्या माना पाहिल्या, वाटी तिथंच टाकली आणि "आगं बाई, गेलं का म्हातारं!" म्हणत आळीत पळाली. दोन मिनिटांत गल्ली जमली. बाया पदर तोंडाला लावून आत शिरल्या. म्हातारा बाजेवरून विचारत होता, "कोण गेलं?" आणि एक पोरगं त्याला खरं ते सांगत होतं, "आजोबा, तुम्हीच."

म्हातारी माझ्यावर अशी उखडली! "माझ्या जित्या घरात मौन कशाला पाळाया लावतो रे मेल्या?" मी बाहेर धावलो. गल्लीत उभा राहून ओरडलो, "अहो, कुणी मेलं न्हाई! शूटिंग चाललंय, शूटिंग!" एकेकाला हात जोडून परत पाठवलं. बऱ्याच वेळानं आत आलो, तर घरातली सगळी बसलेली. म्हातारी खाली मांडी घालून, सून चुलीपाशी, पोरं भिंतीला टेकून, कुणाचे हात जोडलेले नाहीत. सगळ्यांच्या तोंडावर एक हलकं हसू, आणि टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. आबा आपल्या जागी, काठीवर हात ठेवून उभे.

परतताना मोटारसायकलवर विचारलं, "काय जादू केली?"

मागून आबा म्हणाले, "काय न्हाई. लेकरू झोपलंय समजा म्हणलो."

तेव्हापासून प्रत्येक गावात ते काम आबांचं झालं. मी तिपाई आवरायचो, ते हलक्या आवाजात लोकांना सांगायचे, आणि लोक तसेच मऊ गप्प व्हायचे. आबांचा हा किस्सा मी पुण्यामुंबईत फिल्म दाखवल्यावर किती वेळा सांगितला असेल. लेकरू झोपलंय समजा! टाळ्या पडायच्या. एका बाईंनी तर ते वाक्य वहीत लिहून घेतलं होतं.

आता ध्यानात आलं असेल. प्रत्येक शांततेच्या आधी आबा बोलत होते आणि रेकॉर्डर चालू होता. मी एकेक फाईल उघडत गेलो. जांबचं देऊळ, शांतता. अंकुशनगरचा फड, शांतता. मोसंबीची बाग, शांतता. एकाही फायलीत आबा नाहीत. कारण घरी आलो की मी पहिलं काम काय करायचो? सुरुवातीचं बोलणं न ऐकताच कापायचं. निव्वळ शांतता तेवढी ठेवायची. माझ्याच बोटांनी मी त्यांना शेकडो वेळा कापलं होतं, आणि दर वेळी नीटनेटकं काम केल्याचं समाधान मानलं होतं.

मी त्या सगळ्या शांतता कान लावून ऐकल्या. माईकच्या सगळ्यांत जवळ आबा, म्हणून त्यांचा श्वास ऐकू येतो. एका ठिकाणी बोटं मोडल्याचा आवाज आहे. दुसऱ्या ठिकाणी काठी मातीत अगदी बारीक रुततेय. ऐकता ऐकता मी रडलो. पण अक्काला हे काय ऐकवणार? हा घे बापाचा श्वास?

शेवटी एक फोल्डर उरला. मला एक सवय आहे. वाया गेलेलं मी लगेच पुसत नाही, "चुकलेलं" नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि विसरून जातो. बाजारातलं ते रागाच्या भरात पुसलं, त्यानंतर लावून घेतलेली ही सवय. त्यात म्हातारीच्या घरची एक लांबलचक फाईल होती. मी गल्लीत धावलो तेव्हा रेकॉर्डर आबांच्या गळ्यात चालूच राहिला होता, आणि शांततेचं मिनिट तेवढं उतरवून घेतल्यावर बाकीच्या गोंधळाचा काही उपयोग नाही म्हणून मी मूळ फाईल जशीच्या तशी तिथं ढकलली होती. मी ती सुरू केली. वाटी पडली, शेजारणीचं ओरडणं आलं, माझा लांबचा आवाज आला, आणि मग अगदी कानाजवळ कुणीतरी खाकरलं. मी फाईल बंद केली. हे मी एकट्यानं ऐकायचं नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या दुपारी शेवटची पंगत उठली, पाहुणे निंबाखाली पानसुपारीला बसले. अक्का ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बसली होती, पाय पसरून, सकाळपासून पहिल्यांदाच. मी छोटा स्पीकर तिच्याजवळ ठेवला.

"सापडला?"

"सापडला वाटतं. मी बी अजून ऐकला न्हाई."

"घर की मुर्गी दाल बराबर," ती म्हणाली. "लाव."

आधी तो सगळा गोंधळ आला. माझा आवाज गल्लीतून, कुणी मेलं न्हाई, कुणी मेलं न्हाई. अक्काला हसू आलं. मग ते खाकरणं, आणि मग आबा, कसलीच घाई नसल्यासारखे:

"बसा, बसा. मावशी, तुमी बी बसा. कुणी गेलं न्हाई. हात नका जोडू. असं करा, माझी पोरगी झोपलीये समजा. थोरली. लई फिरलो आज, थकलीये. झोप हलकी तिची, भांडं वाजलं तरी उठती. जरा झोपू द्या तिला."

आणि शांतता.

लेकरू नव्हतं. माझी पोरगी होती, थोरली. मला त्यांनी लेकरू म्हणून सांगितलं, मी टाळ्या घेतल्या, आणि इतकी वर्षं गावोगावी परक्यांच्या घरात ते अक्कालाच झोपवत होते. कुठल्या तरी शेताच्या बांधावर झाडाला झोळी बांधलेली असेल, आणि आबांनी सगळ्या माणसांना, घोड्याला, कुत्र्याला गप्प केलं असेल. मला ते ठाऊक नव्हतं. अक्काला तरी कसं असणार, ती झोपलेली होती.

मी तिच्याकडे पाहिलं. दोन नातवंडांची आजी झालेली माझी बहीण, डोळे मिटून, मान एका खांद्यावर कलवून बसली होती. गालावरून पाणी चाललं होतं आणि ते पुसायलाही ती हलली नाही. निंबाखालून कुणीतरी हाक मारली, मी डावा हात वर केला, तो माणूस थांबला. स्पीकरमधून त्या दिवशीच्या घराची शांतता येत राहिली. चुलीतलं लाकूड फुटलं. आबांचा श्वास.

मिनिट संपलं आणि फायलीत माझा आवाज खणखणला, "ओके! झालं, आबा!"

अक्कानं दचकून डोळे उघडले. थोडा वेळ ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, झोपेतून उठवल्यावर लहान मूल बघतं तशी, चिडून.

"तेवढं तुझं काप," ती म्हणाली. "अन् परत लाव."

मी लॅपटॉप उघडला आणि तिथंच ओसरीवर बसून माझा आवाज कापला.